खोट्या गुण्याने घेतलेला खरा काटकोन

काळपट लाकडाच्या झाकणात फिकट लाकडाची ३०० बाय २०० मिमीची आयताकृती पाटी जडवायची होती. झाकणातली खाच राउटरवर, म्हणजे फिरत्या कटरने लाकूड कोरणाऱ्या कॉम्प्युटर-नियंत्रित मशीनवर, ६० अंशांच्या व्ही-बिटने (व्ही आकाराच्या टोकाच्या कटरने) कोरली, त्याच बिटने वेगळ्या फळीवर पाटी कोरली आणि सरस लावण्याआधी कोरडीच बसवून पाहिली. समोरासमोरचे दोन कोपरे टेकले आणि पाटी तिथेच अडली. पुरती बसायला अजून ०.७ मिमी खाली जायला हवी होती, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत जवळपास ०.८ मिमीची फट दिसत होती. दाबून काही होणार नव्हते. पाटी आणि खाच यांचे आकारच एकमेकांशी जुळत नव्हते.

हा राउटर मी दोन वर्षे वापरत होतो. ॲल्युमिनियम प्रोफाइलची फ्रेम, दोन्ही बाजूंना वाय-अक्षाचा (पुढे-मागे चालीचा) एकेक बॉल स्क्रू, म्हणजे फिरला की गँट्री सरकवणारा आटेदार दांडा, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर आणि वर आडवी गँट्री, म्हणजे कटर फिरवणारा स्पिंडल वाहून नेणारा पूल, अशी त्याची रचना आहे. दोन स्क्रूंमधले अंतर ७२० मिमी. स्क्रूची लीड (एका फेऱ्यातली चाल) ५ मिमी, मोटर फेऱ्याला २०० स्टेपची आणि तिला चालवणारा ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे ८ भाग करणारा), म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप पडतात. याच मशीनवर मी ड्रॉवरचे पाखे, फळ्यांच्या खाचा, पाट्यांवरची अक्षरे असे बरेच काही कापले होते आणि कधी काही खटकले नव्हते. दोन वर्षे न दिसलेली चूक एका पाटीने एका दिवसात कशी दाखवली, ती कशी मोजली आणि दुरुस्त करताना मी कुठे चुकलो, ते इथे आकड्यांसकट मांडतो आहे.

पहिली चूक मी लगेच केली. पाटीची उंची किंचित जास्त भरते आहे असे समजून कंट्रोलरमध्ये वाय-अक्षाचे स्टेप ३२० वरून थोडे कमी केले. पुन्हा कापले. फरक इतकाच पडला की फट एका कोपऱ्यातून थोडी दुसरीकडे सरकली. लीड, मोटर आणि मायक्रोस्टेप ठरलेले असतील तर ३२० हा आकडा साध्या भागाकाराने येतो. तो बदलून काम बसवायला जाणे म्हणजे वजन जुळत नाही म्हणून मापालाच भोक पाडणे. आकडा पुन्हा ३२० केला.

मग एक साधी चाचणी घेतली, आणि सगळा उलगडा तिथूनच झाला. सरळ कटरने एक आयताकृती खाच कापली आणि तिच्यात बसणारी पाटीही कापली, पण या वेळी पाटी उलटी करायची नव्हती. कापली तशीच, वरची बाजू वर ठेवून खाचेत सोडली. घट्ट बसली. उचलून १८० अंशांत फिरवली, तरी तितकीच घट्ट बसली. मग तीच पाटी पालथी केली, आणि आत जाईना.

म्हणजे मशीन आयत कापतच नव्हते. कापत होते समांतरभुज चौकोन. दोन्ही तुकडे एकाच बाजूला सारखेच कललेले असल्यामुळे ते एकमेकांत छान बसतात. समांतरभुज चौकोन अर्ध्या फेऱ्यात फिरवला तरी स्वतःवरच येऊन बसतो, म्हणून फिरवूनही चूक कळत नाही. पालथा घातला की मात्र त्याचा कल दुसऱ्या दिशेला जातो आणि दोन कलांची बेरीज होते. व्ही-बिटच्या जडावकामात पाटी आरशातल्यासारखी उलटी कोरून मग पालथीच बसवावी लागते. ड्रॉवरच्या कामात जी चूक एकेरी आणि लपलेली होती, ती इथे दुप्पट होऊन समोर आली. ज्यांना आपल्या मशीनबद्दल शंका आहे त्यांनी मोजायची साधने हातात घेण्याआधी ही चाचणी करावी असे मी आग्रहाने सांगेन. एक खाच, एक पाटी, आणि पाटी पालथी करून पाहणे. दहा मिनिटांचे काम आहे.

गुण्या म्हणाला सगळे ठीक आहे

आता कल किती आहे ते मोजायचे होते. रीत नेहमीची. ३०० मिमी हातांचा गुण्या (काटकोन तपासायचे दोन हातांचे साधन) मशीनच्या बेडवर आडवा ठेवला. स्पिंडलला ०.०१ मिमीचा डायल, म्हणजे टोक किती सरकले ते काट्याने दाखवणारे साधन, बांधला. गुण्याचा एक हात एक्स-अक्षाच्या (डाव्या-उजव्या चालीच्या) दिशेने, डायलचा काटा हलणार नाही असा लावून घेतला आणि क्लॅम्प केला. मग डायल दुसऱ्या हाताच्या काठाला टेकवून गँट्री २५० मिमी चालवली. काटा ०.०३ मिमी सरकला.

०.०३ म्हणजे हौशी मशीनच्या मानाने उत्तमच. या गुण्याच्या हिशेबाने माझी गँट्री जवळपास बिनचूक काटकोनात होती, आणि लाकूड मात्र ०.८ मिमीची फट दाखवत होते. दोघांपैकी एक जण खोटे बोलत होता. लाकडाला खोटे बोलायचे काही कारण नव्हते.

मी गुण्या पालथा घातला. आडवा हात आधी उजवीकडे होता, तो आता डावीकडे गेला. पुन्हा तीच कसरत केली. आडवा हात एक्सच्या दिशेत लावला, डायल शून्यावर आणला, गँट्री २५० मिमी चालवली. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. गुण्याचा तोच काठ वापरायचा असेल तर आता डायल त्याला पलीकडच्या बाजूने टेकतो आणि काट्याची दिशा उलटी होते. अधिक-उणेचा घोळ नको म्हणून मी बेडवर पेन्सिलने बाण काढला होता आणि शेजारी लिहिले होते, ‘टोक उजवीकडे सरकले की अधिक’. दोन्ही वाचने त्या बाणाप्रमाणेच नोंदवली. दुसरे वाचन आले १.०१ मिमी.

त्या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो. मशीनचा कल म आणि गुण्याची चूक ग धरली, तर एका बाजूने मोजताना डायल दोघांची वजाबाकी दाखवतो आणि पालथा घालून मोजताना बेरीज. म उणे ग बरोबर ०.०३. म अधिक ग बरोबर १.०१. बेरजेचा निम्मा म्हणजे मशीनचा कल, ०.५२ मिमी. वजाबाकीचा निम्मा म्हणजे गुण्याची चूक, ०.४९ मिमी. दोन्ही आकडे २५० मिमी लांबीवरचे.

गुण्या इतका वाकडा होता की मशीनचा कल त्याने जवळजवळ पूर्ण झाकून टाकला होता. तो मागे एकदा फरशीवर पडला होता, तेव्हा टोकावरचा ओरखडा पाहून मी पुसून ठेवून दिला होता. पण मला विलक्षण वाटली ती पुढची गोष्ट. हाच वाकडा गुण्या दोनदा वापरल्यावर मशीनचा कल शतांश मिलिमीटरपर्यंत सांगून गेला. त्यासाठी खरा गुण्या लागलाच नाही. फक्त तो पालथा घालावा लागला.

मोजमापाच्या कलेत हा विचार जुना आहे. सपाट पृष्ठभाग तयार करायला आधी सपाट पृष्ठभाग हवा, या कोड्याचे उत्तरही याच घराण्यातले. तीन पाट्या घ्यायच्या, आळीपाळीने दोन-दोन एकमेकींवर टेकवायच्या आणि उंचवटे खरवडत जायचे. दोनच पाट्या असल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहून जुळू शकतात. तिन्ही पाट्या एकमेकींशी जुळल्या की त्या सपाट असल्याशिवाय गत्यंतर नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ही रीत जाहीरपणे मांडली. बाहेरून आणलेल्या प्रमाणावर विश्वास टाकण्याऐवजी वस्तूंना एकमेकांची साक्ष द्यायला लावायची, हे त्यामागचे मर्म.

कर्णांची साक्ष

एका रीतीने आलेल्या आकड्यावर मी गँट्रीचे बोल्ट सोडणार नव्हतो. दुसरी रीत कर्णांची. आयताचे दोन कर्ण सारखे असतात, कललेल्या चौकोनाचे नसतात. अडचण अशी की टेपने ७०० मिमी लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही, आणि टेपच्या टोकाचा हूक मुळातच थोडा हलता असतो. पण इथे लांबी मोजायचीच नाही, दोन लांबींमधला फरक मोजायचा आहे. आणि फरक मोजायला डायलसारखे साधन नाही.

जाड प्लायवर मशीननेच चार भोके पाडली. एकमेकांपासून ५६० आणि ४२० मिमीवर, म्हणजे कर्ण बरोबर ७०० मिमी, ३-४-५ च्याच पटीत. भोकांत ६ मिमीच्या घोटीव डॉवेल पिना ठोकल्या. २५ बाय ६ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली. तिच्या एका टोकाला पिनेवर विनाखेळ बसेल असे भोक पाडले आणि दुसऱ्या टोकाला डायल असा बांधला की त्याचा दांडा पट्टीच्या लांबीच्या दिशेने पुढे येऊन समोरच्या पिनेला टेकेल. पट्टीचे भोक एका पिनेवर बसवायचे, डायलचे टोक समोरच्या पिनेवर डावी-उजवीकडे हळू झुलवायचे आणि काटा जिथे परत फिरतो तिथले वाचन घ्यायचे. पहिल्या कर्णावर डायल शून्यावर आणला, पट्टी उचलून दुसऱ्या कर्णावर ठेवली.

१.४० मिमी.

पट्टी पुन्हा पहिल्या कर्णावर आणली तर शून्य ०.०३ ने हललेले. पुन्हा केले, पुन्हा तसेच. काही सैल आहे का ते पाहिले, काही नव्हते. कारण माझा हात होता. पट्टी मी उघड्या मुठीत धरली होती. ७०० मिमी ॲल्युमिनियम २ अंशांनी तापले तर साधारण ०.०३ मिमी वाढते. पट्टी तासभर तशीच पडू दिली आणि नंतर टोकांना कापडाने धरून मोजली, तेव्हा शून्य परत शून्यावर आले आणि फरक १.४० वर ठाम राहिला.

कर्णांच्या फरकावरून कल काढायचा हिशेब सोपा आहे. फरकाला कर्णाने गुणायचे आणि दोन्ही बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. १.४० गुणिले ७००, भागिले २ गुणिले ५६० गुणिले ४२०. येते ०.००२०८. म्हणजे २५० मिमीवर ०.५२ मिमी.

वाकड्या गुण्याने दिलेला आकडाही ०.५२ च होता. दोन साधने, दोन रीती, एकमेकांशी काही संबंध नाही, आणि उत्तर एक. आता पाना हातात घ्यायला हरकत नव्हती. पाटीचा हिशेबही जुळला. २०० मिमी उंचीवर ०.४२, पालथी घातल्यावर दुप्पट, ०.८३. पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसलेली फट तेवढीच होती.

आधी पीळ, मग गँट्री

गँट्रीला हात लावण्याआधी खालच्या फ्रेमला पीळ आहे का ते पाहणे भाग होते. पीळ असलेल्या फ्रेमवर गँट्री काटकोनात आणली तरी ती एका टोकाला नीट आणि दुसऱ्या टोकाला वेगळी वागते. दोन्ही वाय-रेलच्या चार टोकांवर एकाच मापाचे चार ठोकळे ठेवले आणि त्यांवरून ०.२० मिमीचा नायलॉनचा दोरा कर्णांवर दोनदा ताणला. दोरे मध्यभागी एकमेकांना ओलांडतात. वरच्या आणि खालच्या दोऱ्यात फिलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातींच्या जुडग्याची) ०.१० ची पात अलगद गेली. दोऱ्यांची अदलाबदल करून खालचा वर घेतला, तर दोन्ही दोरे एकमेकांना दाबून वाकले. म्हणजे पीळ होता. फट ०.१० आणि दोऱ्याची स्वतःची जाडी ०.२०, मिळून मध्यात ०.३० चा फरक. एक कोपरा जितका खाली असतो त्याच्या निम्माच फरक मध्यात दिसतो, म्हणून त्या कोपऱ्याच्या पायाखाली ०.६० ची शिम, म्हणजे पातळ पट्टी. ती सरकवल्यावर दोऱ्यांची अदलाबदल कशीही केली तरी दाब सारखाच लागला.

काटकोनाच्या वाचनात याने एक-दोन शतांशांचाच फरक पडला. तरी हे काम आधी केल्याचे मला समाधान आहे. नंतर केले असते तर पुढचे सगळे पुन्हा मोजावे लागले असते.

गँट्रीचा हिशेब असा. ७२० मिमी अंतरावर ०.००२०८ म्हणजे एक बाजू १.५ मिमी पुढे घ्यायची. स्क्रूच्या एका फेऱ्यात ५ मिमी, तर १.५ साठी ०.३ फेरा, म्हणजे १०८ अंश. वीज बंद करून उजवा स्क्रू हाताने तेवढा फिरवला, वीज सुरू केली, मोजले. २५० मिमीवर ०.०४. मला वाटले काम झाले.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केले तर कल ०.३ च्या आसपास परतला होता आणि उजव्या रेलवर सरकणारा ब्लॉक चालताना घुमल्यासारखा आवाज करत होता. गँट्रीचे आडवे प्रोफाइल दोन्ही बाजूंच्या उभ्या प्लेटना चार-चार बोल्टनी आवळलेले आहे, आणि ते जुन्या वाकड्या कोनातच आवळलेले होते. मी स्क्रू फिरवून गँट्रीला जबरदस्तीने सरळ केले होते. मोटरी चालू होत्या तोवर तिने ते सोसले. वीज गेली आणि ती आपल्या नैसर्गिक जागी परतू लागली. मधल्या काळात ब्लॉकमधल्या बॉल्सवर आडवा ताण येत होता तो वेगळाच. हे लक्षात आल्यावर मला खरोखर वाईट वाटले, कारण रेल आणि ब्लॉक हेच या मशीनमधले सगळ्यात चांगले भाग आहेत.

मग रीतसर केले. स्क्रू परत मोकळे केले. फ्रेमच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना गँट्री टेकेल असे पक्के अडसर बसवले. गँट्रीचे आठही बोल्ट फक्त हाताने बसतील इतके सैल केले, गँट्री दोन्ही अडसरांना टेकवली आणि उजव्या अडसरापुढे फिलरच्या पाती घालत-काढत गुण्याची दोन्ही वाचने एकाच आकड्याने विरुद्ध बाजूंना येईपर्यंत थांबलो. काटकोन साधला की पालथ्या-सुलट्या वाचनांची बेरीज शून्य होते. आता मी फक्त तेवढेच बघत होतो. नंतर बोल्ट आळीपाळीने, तिरके, थोडे-थोडे आवळले आणि डायल तसाच टेकवून ठेवला. तिसऱ्या बोल्टला काटा ०.०८ ने सरकला. तो सैल करून प्लेटच्या काठावरचा बारीक उंचवटा कानशीने उतरवला, पुन्हा आवळला. काटा हलला नाही.

इथे अजून एक गाठ होती. ती सोडवायला एक संध्याकाळ गेली. वीज पाच वेळा बंद-सुरू केली, प्रत्येक वेळी गँट्री अडसरांना टेकवून, आणि २५० मिमीवरचा कल नोंदवला. अधिक ०.०१, अधिक ०.०१, उणे ०.०२, अधिक ०.०१, उणे ०.०२. हे इकडेतिकडे विखुरलेले आकडे नव्हते, दोनच जागा होत्या आणि काटा त्यांपैकी एका जागी जाऊन बसत होता.

वीज मिळताच स्टेपर मोटर जिथे असेल तिथे थांबत नाही. ती जवळच्या ठरलेल्या जागी झटका देऊन बसते, आणि अशा जागा दर चार पूर्ण स्टेपला एकदा येतात. माझ्या स्क्रूवर चार पूर्ण स्टेप म्हणजे ०.१० मिमी. गँट्रीच्या एका टोकाला ०.१० मिमी म्हणजे २५० मिमी प्रवासावर ०.०३५. माझ्या दोन जागांमधला फरक जवळपास तेवढाच होता. अडसराला टेकलेली उजवी मोटर नेमकी दोन ठरलेल्या जागांच्या सीमेवर उभी होती, त्यामुळे ती कधी अलीकडे तर कधी पलीकडे पडत होती. उजवे कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) सैल करून मोटरचा शाफ्ट दोन स्टेप, म्हणजे ३.६ अंश फिरवला आणि पुन्हा आवळला. सीमा अडसरापासून दूर गेली. त्यानंतर वीज दहा वेळा बंद-सुरू केली, दहाही वेळा अधिक ०.०१.

दोन्ही मोटरींना स्वतंत्र लिमिट स्विच (चालीचे टोक ओळखणारे स्विच) असतील तर कंट्रोलर हे काम होमिंगच्या वेळी, म्हणजे सुरुवातीला अक्ष मूळ जागी नेताना, आपोआप करू शकतो. लिनक्ससीएनसी आणि जीआरबीएलएचएएल या मशीन चालवणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरांत ती सोय आहे. माझ्या मशीनला एकच स्विच आहे, म्हणून अडसर.

उभा अक्ष

इथे मी क्रम चुकवला. फेसिंग कटरने सपाट केलेल्या फळीवर नखाला लागणाऱ्या रेघा पडत होत्या, आणि त्या खटकत होत्या म्हणून आधी स्पिंडल सरळ करायला घेतला.

बेडवरची एमडीएफची फळी मोजणीला चालत नाही. जाड फ्लोट काच घेतली, तीन ठिकाणी शिम देऊन बेडवर ठेवली. तीनच, कारण तीन पायांवरची वस्तू डगमगत नाही. डायल स्पिंडलच्या अंगाला बांधून एक्स आणि वाय दोन्ही दिशांना चालवत काच मशीनच्या चालीशी समांतर केली. मगच ती मोजायला पात्र झाली. नंतर कोलेटमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या कटर धरणाऱ्या पकडीत, आडवा हात धरला, त्याच्या टोकाला केंद्रापासून १५० मिमीवर डायल लावला आणि प्लग काढून स्पिंडल हाताने फिरवला. डावीकडून उजवीकडे, म्हणजे ३०० मिमीवर, ०.६० मिमीचा फरक. कटर १५ मिमीने बाजूला सरकत असेल तर हा कल प्रत्येक पट्ट्याला ०.०३ मिमीची पायरी देतो. नखाला लागत होती ती तीच. माउंटचे बोल्ट सैल करून लाकडी हातोडीने टकटक करत फरक ०.०१ वर आणला. पुढे-मागे ०.२१ चा फरक होता. वरच्या आणि खालच्या बोल्टांमध्ये १०० मिमी अंतर, म्हणून खालच्या बोल्टांशी ०.०७ ची पात.

तेव्हा कुठे झेड-अक्षाची चाल लंब आहे का हे पाहायचे सुचले. स्पिंडल सरळ असणे आणि तो सरळ खाली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेड तिरका असेल तर खोल भोक पाडताना कटर खाली जाता-जाता बाजूला सरकतो, आणि फेसिंगमध्ये त्याची चाहूलही लागत नाही. तोच वाकडा गुण्या काचेवर, गँट्रीच्या पुढे मोकळ्या जागेत उभा केला आणि झेड ८० मिमी खाली-वर चालवला. एकदा असा, एकदा अर्धा फेरा फिरवून. वाचने अधिक ०.२६ आणि उणे ०.०५. बेरजेचा निम्मा ०.१०५, हा झेडचा कल. वजाबाकीचा निम्मा ०.१५५, ही गुण्याची चूक. आधी काढलेल्या ०.४९ वरून ८० मिमीसाठी ती ०.१५७ यायला हवी. गुण्या आपल्या चुकीला प्रामाणिक होता.

झेडची पूर्ण प्लेट तेवढी वळवली आणि अर्थातच तिच्यावरचा स्पिंडलही वळला. नुकताच ०.०१ वर आणलेला फरक ०.४० झाला. स्पिंडल पुन्हा पहिल्यापासून सरळ केला. आधी झेड आणि मग स्पिंडल, असा क्रम ठेवला असता तर अर्धा दिवस वाचला असता. एमडीएफवर फेसिंग तर सगळ्यात शेवटी. ते बेडला मशीनच्या चालीशी समांतर करते, पण वाकडी गँट्री किंवा तिरका झेड त्याने सरळ होत नाही.

या कामात लिव्हर डायल (ज्याचा दांडा बाजूला झुलतो तो डायल) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याचा दांडा पृष्ठभागाशी जितका तिरका, तितके वाचन खऱ्यापेक्षा फुगते. ३० अंशांत धरला तर ०.१० वाचले तरी खरे ०.०८७ असते. १० अंशांच्या आत धरला तर फरक दीड टक्क्याच्या पलीकडे जात नाही. शून्याशी जुळवताना याने काही बिघडत नाही. वाचलेल्या आकड्यावरून शिमची जाडी काढायची असेल तेव्हा बिघडते.

कुठे थांबायचे हेही मी मोजूनच ठरवले. कोलेटमध्ये पिन धरली, तिला ताणकाट्याने ५ किलोचा आडवा ओढा दिला आणि डायलवर पाहिले. पिन ०.१२ मिमी हलली. कापताना कटरवर ओढा येतो, आणि एवढ्या ओढ्याला जे मशीन ०.१२ लवते त्याच्या काटकोनातले शेवटचे ०.०१ काढत बसण्यात अर्थ नाही. पुढे कधी सुधारणा करायची तर ती गँट्रीच्या ताठपणाची. चार पिनांच्या प्लायवर नवी भोके पाडून कर्ण पुन्हा मोजले. फरक ०.०३. तिथे थांबलो.

गुण्याच्या पात्यावर मार्करने बाण काढून ‘२५० मध्ये ०.४९’ असे लिहिले आणि तो परत खणात ठेवला.

पाटी नव्याने कोरली. झाकणही नवे घ्यावे लागले, जुन्या खाचेचे कोपरे दाबादाबीत चिरले होते. कोरडी पाटी पालथी करून खाचेवर ठेवली, तळव्याने दाबली. चारही कोपरे एकदम खाली गेले आणि आतली हवा बाहेर पडल्याचा हलका आवाज झाला. फिलरची ०.०५ ची पात चारही बाजूंनी फिरवून पाहिली. ती कुठेच शिरली नाही, म्हणून सरस लावायला घेतला.